काचेचे पैसे कोणी भरले?

सगळी नोकरी महापालिकेच्या लेखा विभागात गेली, त्यामुळे पुण्याचं अंदाजपत्रक हाती आलं की मी ते अजूनही ओळीओळीनं वाचते. लेखाशीर्ष (खर्चाचा ठरलेला रकाना), तरतूद, सुधारित अंदाज, वर्गीकरण. बाहेरच्याला हे रुक्ष वाटेल, पण शहराला कशाची काळजी आहे आणि कशाची नाही हे मला भाषणांपेक्षा या पुस्तकातून जास्त कळतं. २०२५-२६चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचं होतं. त्यात रस्ते, पाणी, कचरा, उड्डाणपूल सगळं आहे. समाज विकास विभागाकडे दहावीच्या गुणवंत मुलांना १५ हजार आणि बारावीच्या मुलांना २५ हजार रुपये देणाऱ्या योजना आहेत, अण्णाभाऊ साठे आणि मौलाना आझाद यांच्या नावानं. या योजनांबद्दल मला मनापासून आदर आहे. आमच्या इमारतीत धुणंभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलीची डिप्लोमाची पहिली फी त्यातूनच गेली.

मी शोधत होते ती ओळ दुसरीच. ज्या मुलाला ऐंशी टक्के मिळाले त्याच्यासाठी शहराकडे पैसे आहेत. ज्यानं नववीत शाळा सोडली, आणि एके रात्री मित्रांच्या नादानं कुणाच्या तरी गाडीची काच फोडली, त्याच्यासाठी काय? आणि ज्याची काच फुटली त्याच्यासाठी? या दोघांना समोरासमोर बसवायचं, झालेलं नुकसान त्या मुलाकडून भरून घ्यायचं आणि तो पुन्हा त्या वाटेला जाणार नाही असं बघायचं, यासाठी महापालिकेनं एक रुपया तरी ठेवलाय का? मला तशी ओळ सापडली नाही.

आमच्या भागातली गोष्ट सांगते. आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी राहतो. एका रात्री तीन मुलांनी कोयता आणि दांडकं घेऊन रस्त्याकडेला लावलेल्या गाड्या फोडल्या. पुण्यात राहणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. २०२२च्या अखेरीपासून ‘कोयता गँग’ पेपरातून हटलेलीच नाही. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीचा तुकडा फिरला आणि त्याखाली एकामागून एक लोकांनी लिहिलं, धिंड काढा. मुलं अठराच्या आतली होती, त्यांची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवर एक रिक्षावाले भाऊ असतात. त्यांची पुढची काच गेली, हूड फाटला, मीटर वाकला. ते सकाळी शाळेची मुलं नेतात. मी दुधाला गेले तेव्हा ते मागच्या सीटच्या फटीतून काचेचा चुरा बोटांनी वेचत होते. “पोरांच्या मांडीला लागंल,” एवढंच म्हणाले. विमा थर्ड पार्टीचा, म्हणजे यात त्याचा उपयोग शून्य. काच, हूडचं रेक्झिन, मीटरची दुरुस्ती आणि बुडालेला धंदा मिळून साडेचार हजारांना फटका बसला. पतसंस्थेचा हप्ता तर थांबत नाही. मुलं पकडली गेली, पेपरात चार ओळी आल्या. पण पुढे त्या मुलांचं काय झालं हे भाऊंना कुणीही कळवलं नाही. फिर्याद देऊन झाली की आपल्याकडे नुकसान झालेल्या माणसाचं काम संपतं.

मुलांना बाल न्याय मंडळासमोर नेलं. मंडळानं पालकांच्या ताब्यात देताना समुपदेशनाची अट घातली आणि ते काम एका छोट्या संस्थेकडे आलं. निवृत्तीनंतर मी त्या संस्थेचे हिशेब विनामोबदला बघत असे, म्हणून पुढचं मला जवळून दिसलं. संस्थेत एक ताई होत्या. समाजकार्याची पदवी घेतलेल्या, पगार बावीस हजार. त्यांनी ठरवलं की नुसतं मुलांना समोर बसवून ‘असं करू नये बाळा’ सांगण्यात अर्थ नाही. भाऊंना विचारायचं. त्यांची तयारी असेल तर दोन्ही बाजू एका खोलीत आणायच्या.

ती खोली जुळून यायला दीड महिना लागला, आणि खरं कष्टाचं काम त्या दीड महिन्यात होतं. ताई स्टँडवर जायच्या, तेव्हा भाऊ म्हणायचे, “माझं तोंड कशाला बघायचंय त्यांना? पैसे देतायत का?” ताईंनी खोटं आश्वासन दिलं नाही. देतील की नाही सांगता येत नाही, पण तुम्हाला त्यांना काही विचारायचं असेल तर विचारता येईल, असं म्हणाल्या. पुन्हा गेल्या. पुन्हा गेल्या. शेवटी भाऊंच्या बायकोनं सांगितलं, जा, विचारून तरी या. तिकडे एका मुलाच्या आईनं पहिल्यांदा ताईंना दारातूनच परत पाठवलं होतं. ती केटरिंगवाल्याकडे पोळ्या लाटते, पहाटे निघते. तिला वाटलं ही बाई पोलिसांकडून आलीय. आणखी एका मुलाच्या वडिलांनी वकिलाला विचारलं आणि वकिलानं सांगितलं, मुलानं कुठं काही कबूल करायचं नाही. तो मुलगा बैठकीला आलाच नाही. वकिलाचं चूक होतं असं मला वाटत नाही. बैठकीत बोललेलं उद्या चौकशीत मुलाविरुद्ध वापरलं जाणार नाही, अशी लेखी हमी त्याला कोण देणार होतं?

महापालिकेच्या शाळेतला एक वर्ग संध्याकाळी मिळाला. बाकं भिंतीला लावली, खुर्च्या गोल मांडल्या. दोन मुलं, एकाची आई आणि मामा, दुसऱ्याची आजी, भाऊ आणि त्यांची बायको, साध्या कपड्यातले बालकल्याण पोलीस अधिकारी, ताई, आणि टिपणं घ्यायला मी. त्याच रात्री ज्याची गाडी फुटली होती त्या स्कूल व्हॅनवाल्यानं येणार नाही म्हणून सांगितलं होतं. त्याला कुणी आग्रह केला नाही.

भाऊंनी सुरुवातीला बरंच रागानं बोलून घेतलं. मग काचेचं सांगितलं, शाळेच्या मुलांचं सांगितलं, त्या सकाळी पोरं कोपऱ्यावर दप्तरं घेऊन उभी राहिली ते सांगितलं. मग पोळ्यावाल्या बाईंच्या मुलाकडे बघून विचारलं, “कुणाची गाडी फोडतोयस असं वाटलं तुला?”

मुलगा म्हणाला, “कुणाचीच नाही. लाइनीत होती.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी नोकरीत असंख्य अहवाल वाचले असतील. वस्तीतल्या मुलांचं काय बिघडलंय हे त्या चार शब्दांइतकं स्पष्ट मला कुठल्याच अहवालात दिसलेलं नाही. त्या क्षणापर्यंत त्याच्या लेखी ती रिक्षा कुणाचीच नव्हती. नंतर ती त्या समोर बसलेल्या माणसाची झाली.

आई म्हणाली, मी हप्त्यानं देते. भाऊ म्हणाले, तुमच्याकडून नको, त्यानं द्यायचे. ठरलं असं की मुलानं संध्याकाळी मामाच्या भाजीच्या गाडीवर मदत करायची आणि त्यातले पाचशे रुपये दर महिन्याला स्टँडवर येऊन स्वतः भाऊंच्या हातात द्यायचे. ताईंच्या हाती नाही, आईच्या हाती नाही. आणि दहावीला बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म भरायचा. ही दुसरी अट भाऊंनीच घातली, कुणाला अपेक्षा नसताना. मधे दोन महिने हप्ता चुकला, ताई त्याच्या मागे लागल्या, पुन्हा सुरू झाला. पैसे फिटले. फॉर्म भरला गेला. गणित राहिलं आहे.

आजीबरोबर आलेला मुलगा त्या दिवशी सगळ्याला हो म्हणाला आणि त्यातलं काहीही केलं नाही. काही महिन्यांनी तो आणखी मोठ्या प्रकरणात सापडला. मी हे लपवणार नाही, कारण हे काम म्हणजे जादू आहे असं सांगून कुणाकडून पैसे मागायचे नाहीत.

मार्चमध्ये ताईंचं काम संपलं. संस्थेला एका कंपनीचा तीन वर्षांचा सीएसआर निधी (कंपन्या समाजकार्यासाठी देतात तो पैसा) होता, तो पुढे मिळाला नाही. कंपनीनं पुढची वर्षं शाळांच्या डिजिटल वर्गांना द्यायचं ठरवलं. त्यात वाईट काही नाही, पैसा त्यांचा. ताई आता एका खासगी रुग्णालयात विम्याची कागदपत्रं बघतात. वस्तीतल्या घराघरांत त्यांची जी ओळख होती, पोलीस चौकीत त्यांच्या शब्दाला जी किंमत होती, ती तशीच वाया गेली. माणूस गेलं की हे काम पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागतं, आणि दर तीन वर्षांनी ते पहिल्यापासून उभं करणं हा पैशांचाही अपव्यय आहे. हे मी हिशेबनीस म्हणून सांगते.

कायद्यात याला जागा नाही असं कुणी म्हणू नये. बाल न्याय अधिनियम २०१५चं कलम १८ उघडून बघा. मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकतं, गट समुपदेशनाला पाठवू शकतं, एखाद्या संस्थेच्या देखरेखीखाली समाजसेवा करायला लावू शकतं, दंड करू शकतं, परिविक्षेवर (प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली) सोडू शकतं, आणि अगदी शेवटी विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवू शकतं. कलम ३ तर सरळ सांगतं की शक्य तिथे न्यायालयीन कारवाई टाळून मुलांना दुसऱ्या वाटेनं हाताळावं. केंद्राच्या २०१६च्या नमुना नियमांप्रमाणे गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर मुलावर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नाही. दैनंदिनीत नोंद करायची आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाला पाठवायचा. किती समंजस कायदा आहे हा. पण ‘एखाद्या संस्थेच्या देखरेखीखाली’ असं कायद्यात लिहिलं म्हणून संस्था तयार होत नाही. मंडळानं समाजसेवेचा आदेश लिहिला, तर त्या मुलाला सोमवारी सकाळी कोण कुठे घेऊन जाणार, त्याच्याशी कोण बोलणार, त्यानं केलं की नाही हे कोण बघणार? परिविक्षा अधिकाऱ्यांकडे सामाजिक तपासणी अहवालांचा ढीग. कायदा म्हणतो अहवाल १५ दिवसांत द्या. त्यांनी रिक्षा स्टँडवर पुन्हा पुन्हा कधी जायचं?

कल्याणीनगरचं प्रकरण आठवा. १९ मे २०२४. भरधाव पोर्शेनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. काही तासांत जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींमध्ये होता अपघातांवरचा ३०० शब्दांचा निबंध. सारा देश संतापला. तीन दिवसांत त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, जूनच्या २५ तारखेला मुंबई उच्च न्यायालयानं सोडायला सांगितलं, आणि पुढे मंडळाच्या दोन सदस्यांना सरकारनं पदावरून दूर केलं. त्या प्रकरणात पैशानं काय काय केलं, रक्ताच्या नमुन्यांचं काय झालं, हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते वेगळं आहे. मी फक्त त्या निबंधाबद्दल बोलते.

त्या निबंधाचा मलाही संताप आला. दोन घरांत मुलं परत आली नाहीत आणि इकडे शाळेचा गृहपाठ. पण राग ओसरल्यावर मला दुसरं दिसलं. मृत्यूच्या प्रकरणात जामिनाच्या वेळी काय करायला हवं होतं हा कायद्याचा प्रश्न आहे आणि तो जाणकारांनी सोडवावा. रोजच्या शेकडो किरकोळ प्रकरणांचं काय? तिथेही मंडळाकडे मुलाला देण्यासारखं निबंधापलीकडे फारसं काही नसतं. वाहतूक पोलिसांसोबत उभं राहा, वृद्धाश्रमात जा, झाडं लाव. ज्याचं नुकसान केलंस त्याच्याकडे जा, असं म्हणायची सोय नाही, कारण त्याला तिथवर नेणारा पगारी माणूस नाही. निबंध फुकट असतो. म्हणून निबंध मिळतो.

सरकारचा पैसा आहे कुठे मग? केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत. बहुतेक राज्यांना केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. २०२५-२६मध्ये सगळ्या देशासाठी १,५०० कोटी, आणि त्यात अनाथ मुलांपासून हरवलेल्या मुलांपर्यंत सगळे. बालगृहातल्या एका मुलामागे महिन्याला ३,००० रुपये निर्वाह अनुदान. म्हणजे मुलाला चार भिंतींच्या आत ठेवलं तर त्याच्यासाठी हिशेबात रकाना आहे, थोडा का असेना. भिंतींच्या बाहेर, घरी राहून त्यानं केलेलं निस्तरावं यासाठी माझ्या माहितीत तसा रकाना नाही. संस्थेचा निधी थांबल्यावर मी एका सरकारी कार्यालयात गेले होते. साहेब सज्जन होते, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, काम चांगलं आहे. पण दाखवू कुठल्या शीर्षाखाली?” त्या प्रश्नाचा मला राग आला नाही. मी स्वतः आयुष्यभर लोकांना हाच प्रश्न विचारला आहे. त्याचं उत्तर असं की शीर्ष निर्माण करावं लागतं, आणि ते महापालिका करू शकते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६६मध्ये ऐच्छिक कामांची लांबलचक यादी आहे आणि सार्वजनिक सुरक्षिततेला हातभार लावणारं काम त्यात बसतं.

हे कुठे झालंय का असं विचारणाऱ्यांसाठी. न्यूझीलंडनं १९८९च्या कायद्यानंच मुलांच्या गुन्ह्यांत कुटुंब, पोलीस आणि नुकसानग्रस्त यांची एकत्र बैठक नेहमीची करून टाकली. मला जास्त भावलं ते कॅलिफोर्नियातलं ओकलंड. बंदराचं शहर, गरिबी आणि बंदुका दोन्ही भरपूर. तिथे १९९६मध्ये मतदारांनी कौल देऊन शहराच्या मुक्त (कुठल्या ठरावीक कामासाठी न बांधलेल्या) सर्वसाधारण निधीतला अडीच टक्के वाटा मुलांसाठी राखून ठेवायला लावला, आणि २००९पासून तो तीन टक्के आहे. नगरसेवक बदलले, महापौर बदलले, वाटा टिकला. फानिया डेव्हिस या वकील बाईंनी २००५मध्ये तिथे मुलांसाठी पुनर्स्थापक न्यायाची, म्हणजे नुकसान करणारा आणि सोसणारा यांना समोर बसवून ते भरून काढण्याच्या कामाची, संस्था सुरू केली, पुढे शाळांनी ते काम उचललं. ओकलंड ज्या अलामेडा काउंटीत आहे तिथे सुजाता बालिगा यांनी याच धर्तीच्या बैठकांचा कार्यक्रम उभा केला. आईवडील भारतातून तिकडे गेलेले, स्वतः वकील, २०१९च्या मॅकआर्थर फेलो (अमेरिकेतला एक मोठा सन्मान). २०१२ ते २०१४मधल्या शंभरएक मुलांचा पुढे पाठपुरावा झाला. बैठकीतून गेलेल्या मुलांपैकी वर्षभरात पुन्हा दोषी ठरलेली १८.४ टक्के. तशाच गुन्ह्यांतली जी मुलं नेहमीच्या न्यायालयीन वाटेनं गेली, त्यांच्यात ३२.१ टक्के. एका प्रकरणाचा खर्च एकदाच साधारण साडेचार हजार डॉलर, आणि एका मुलाला वर्षभर परिविक्षेवर ठेवायचा खर्च २३ हजार डॉलर. ज्यांचं नुकसान झालं होतं त्यांच्यापैकी ९१ टक्के म्हणाले, पुन्हा अशी वेळ आली तर आम्ही बैठकीला येऊ.

आणि आमच्या त्या वकिलाची शंका? तिथे सरकारी वकिलांच्या कार्यालयाशी लेखी करार असतो की बैठकीत मुलगा जे बोलेल ते त्याच्याविरुद्ध वापरलं जाणार नाही. एका कागदाचं काम आहे. पण तो कागद करून घ्यायलाही कुणीतरी खुर्चीवर असावं लागतं.

तिथेही पैसा आपोआप टिकला असं नाही. २०१९मध्ये ओकलंडच्या शाळांचा खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा पुनर्स्थापक न्यायाचा कार्यक्रमच कापायच्या यादीत आला. मुलं स्वतः सभेत येऊन बोलली, भांडली, तेव्हा त्यातला काही भाग वाचला.

आता आपल्याकडची खरी भीती. मी मैत्रिणींशी बोलले तर पहिली प्रतिक्रिया हीच येते, “म्हणजे मिटवामिटवी ना?” ही शंका शंभर टक्के बरोबर जागेवर येते. आपल्याकडे तडजोड म्हणजे काय हे आपण बघत आलोय. वस्तीतला कुणी दादा किंवा पक्षाचा कार्यकर्ता मधे पडतो, गरिबाला सांगतो की पोरगं आहे, केस मागे घे, तुला इथेच राहायचंय. नुकसान झालेला माणूस घाबरून सही करतो. याला न्याय म्हणणाऱ्याच्या विरोधात मी पहिली उभी राहीन. म्हणूनच या कामाला पगारी, प्रशिक्षित, कुणाच्याही ओळखीचा नसलेला माणूस लागतो. रिक्षावाल्या भाऊंना ताईंनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं की नाही म्हणालात तरी केस आहे तशीच चालेल आणि मी परत विचारायला आले तर तेव्हाही नाही म्हणता येईल. व्हॅनवाला आला नाही, त्याला कुणी बोल लावला नाही. दादाची तडजोड एका संध्याकाळी होते. ताईंना दीड महिना लागला. तो दीड महिना वाचवायला गेलं की उरते ती मिटवामिटवी. लैंगिक अत्याचार, जातीय अत्याचार, खून असली प्रकरणं या कार्यक्रमात घेऊच नयेत, निदान सुरुवातीची बरीच वर्षं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं लोक म्हणतात, वय १८वरून १४वर आणा आणि टाका आत. मुलाच्या कोयत्यानं ज्याचा हात गेला त्यानं असं म्हटलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. बाकीच्यांना मी विचारते, आत टाकलेला चौदा वर्षांचा मुलगा बाहेर येईल तेव्हा किती वर्षांचा असेल, आणि कुणाच्या संगतीतून आलेला असेल? आणि परत तेच, काचेचे पैसे कोण भरणार?

मी हिशेब मांडलाय. महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. प्रत्येकाला एक कार्यकर्ती, महिना ३५ हजार, वर्षाचे ६३ लाख. त्यांच्यावर दोन अनुभवी समन्वयक, ५० हजारांनी, १२ लाख. प्रशिक्षण आणि प्रवास १० लाख. राहिले १५ लाख, ते एका छोट्या भरपाई निधीत ठेवायचे. ज्या मुलाकडे खरंच काही नाही त्याच्या वतीनं नुकसानग्रस्ताला लगेच रक्कम द्यायची आणि मुलानं ती महिन्यामहिन्यानं निधीत फेडायची. रिक्षावाल्यानं आपल्या काचेसाठी नऊ महिने का थांबावं? बेरीज बरोबर एक कोटी. जागेला पैसे लागत नाहीत. संध्याकाळी महापालिकेच्या शाळा रिकाम्या असतात, विरंगुळा केंद्रं आहेत. १२,६१८ कोटींत एक कोटी म्हणजे शंभर रुपयांत एक पैसाही नाही. मी तो आकडा दोनदा तपासला, कारण इतका कमी असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

पगाराबद्दल अडून बसायला हवं. मानधन नको, अकरा महिन्यांचा करार नको, आणि निविदा काढून सर्वात कमी दराच्या ठेकेदाराकडून माणसं तर अजिबात नकोत. सुरक्षारक्षक असे आणले जातात आणि त्यांना काय हातात पडतं हे मी बिलं तपासताना पाहिलंय. पाच वर्षांची नेमणूक असेल तरच वस्तीतली आई दार उघडते.

मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते. प्रशासकच अंदाजपत्रक मांडायचे आणि मंजूरही करायचे. तेव्हा हे सांगायला कुणाकडे जायचं हाच प्रश्न होता. जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झाली. आता प्रत्येक प्रभागाला नावानिशी माणसं आहेत आणि स्थायी समिती आहे. नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून, म्हणजे त्यांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांच्या तरतुदीतून, बाकडी येतात, कापडी पिशव्या येतात, चौकाचे नामफलक येतात. त्यांना हे नवं काम सुचवायला हीच वेळ आहे. नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची योजना पुण्यात २००६पासून आहे, तिचाही मी विचार केला. पण ती पदपथ, दिवे, बसथांबे अशा पाच लाखांपर्यंतच्या कामांची आहे. तिच्यात माणसाचा पगार बसत नाही. त्यामुळे हे स्थायी समितीकडूनच व्हायला हवं.

आमच्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांना मी पत्र दिलंय. एका बाईंनी ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं आणि विचारलं की पोलीस याला तयार होतील का. मी त्यांना त्या बैठकीत बसलेल्या अधिकाऱ्यांशी बोलायला सुचवलं आहे. बाकी तिघांच्या उत्तराची वाट बघते आहे. पत्रात लेखाशीर्षाचा मसुदाही दिला आहे: ‘विधिसंघर्षग्रस्त बालके व नुकसानग्रस्त नागरिक यांच्यासाठी संवाद व भरपाई कार्यक्रम, समाज विकास विभाग, रु. १,००,००,०००.’ ज्यांना आपल्या प्रभागात हेच पत्र द्यायचं आहे त्यांनी माझ्याकडून प्रत मागून घ्यावी. सोबत खर्चाचा तक्ता आहे. क्षेत्रीय कार्यालयाचं नाव तेवढं बदला.